जाताना पिक्चर, येताना पाणी

लातूर जिल्हा झाला तेव्हा सगळ्यांत आधी पाट्या बदलल्या. रंगारी जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडायचा आणि त्यावर लातूर लिहायचा, पण घाईत एकच हात दिलेला असल्यामुळे उन्हं तिरकी झाली की खालची अक्षरं वर दिसायची. मी कलेक्टर कचेरीत टायपिस्ट होते. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, तिथेच कारकून होता. दादा, वहिनी आणि मी अशी तिघं गोलाईच्या बाजारापासून जवळच भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो.

जिल्हा झाला म्हटल्यावर जिल्ह्याला शोभतील अशा गोष्टी पाहिजेत, असं नव्याने बदलून आलेल्या साहेब लोकांना वाटत होतं. त्यांत डॉक्टर होते, इंजिनिअर होते, कॉलेजातले प्राध्यापक होते. त्यांनी एक चित्रपट मंडळ काढलं. परदेशी चित्रपट मागवायचे आणि महिन्यातून एकदा कॉलेजच्या सभागृहात दाखवायचे. गावातलेही सभासद भराभर झाले, पण खुर्च्या मांडून घेणारं, रिळांचे डबे स्टँडवरून आणणारं, खिडक्यांना काळे कागद लावून घेणारं माणूस मिळेना. मला लहानपणापासून याद्या करायची सवय. आजही बाजाराला जाताना यादी असते आणि काम झालं की त्यावर रेघ मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. कचेरीतल्या कुणीतरी माझं नाव सुचवलं. पिक्चर फुकट बघायला मिळणार होते, वहिनीलाही बरोबर आणायची परवानगी होती. मी हो म्हटलं.

त्या साली पाणी नव्हतं, हे आधीच सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पाऊस दगा देऊन गेला होता. दिवाळीनंतर आड तळाला गेले आणि संक्रांतीपासून टँकर सुरू झाले. आमच्या गल्लीचा नियम असा होता की टँकर थांबतो त्या जागी आपली घागर ओळीत ठेवायची. घागर तुमचा नंबर धरते. तुम्ही नसलात तरी तिला कुणी हात लावत नाही. पण टँकर आला, हॉर्न वाजला, की घागरीमागे तिची मालकीण उभी पाहिजे. नसली तर घागर उचलून ओळीच्या शेवटी. भांडणं रोज व्हायची, पण या नियमावरून कधी झाली नाहीत. ज्यांच्या दारात बोअर होती ते आणि सरकारी क्वार्टरवाले सोडले, तर बाकीचं गाव एक कान त्या हॉर्नकडे ठेवूनच जेवायचं आणि झोपायचं.

वहिनी देगलूरची. तिच्या बोलण्यात तिकडचं तेलुगू, कानडी मिसळलेलं असायचं. दचकली की "अय्यो" म्हणायची. डी.एड. झालेली होती आणि लग्नाआधीच तिने नांदेडला नोकरीसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर, नेमकी त्याच दुष्काळात, नांदेड जिल्हा परिषदेकडून तिला नेमणूक आली. गाव इस्लापूर, किनवट तालुक्यात, नांदेडच्याही पार पलीकडे. महिनाअखेरपर्यंत रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

"लातूरची यादी लागंल की," दादा म्हणायचा. "आता आपला जिल्हा हाय. आपल्या जिल्ह्यात जागा निघणार न्हाईत व्हय?"

"कधी लागंल?"

"लागंल."

मग वहिनी परातीकडे वळायची. पीठ मळायची. मळलेलं पीठ ती पुन्हा मळायला लागली की मी समजायचे.

दादा वाईट नव्हता. घर रिकामं होईल याची त्याला भीती होती. ती मलाही होती. वहिनी माझ्यापेक्षा जेमतेम वर्षाने मोठी. संध्याकाळी आम्ही दोघी घागरींच्या ओळीशेजारी दगडावर बसायचो आणि टँकर येवो न येवो, बोलत राहायचो. तसं बोलणं मी पुढे कुणाशीच केलं नाही.

त्या महिन्यात मंडळाला जर्मनीतला एक जुना पिक्चर आला. तिथे हुकूमशाही असताना, लढाई चालू असताना काढलेला. मला वाटलं होतं तोफा असतील, भाषणं असतील. मंडळाचे अध्यक्ष इतिहासाचे सर होते, बाहीला कायम खडू लागलेला. खेळाआधी ते पडद्यासमोर उभे राहिले.

"यात तुम्हाला एकही झेंडा दिसणार नाही," ते म्हणाले. "एकही शिपाई दिसणार नाही. राज्य करणाऱ्यांनी मुद्दाम असे चित्रपट काढवून घेतले. बाहेर शहरांवर बाँब पडत होते. शेजारची कुटुंबं घरातून उचलून नेत होते, ती परत येत नव्हती. आणि लोक थेटरात बसून हे बघत होते. चित्रपट गोड आहे. पण हे गोड कुणी, कुणाला, कशासाठी खाऊ घातलं, ते डोक्यात ठेवा."

वहिनी माझ्या कानाशी लागली. "सर आधीच कामून सांगून राहिले गं? गोड हाय तर लागू द्या की गोड."

पिक्चर सुरू झाला आणि पहिलंच चित्र एका तळ्याचं आलं. काळं-पांढरं चित्र, पण पाणी असं की पडद्याच्या कडेपर्यंत भरलेलं, वर चांदी सांडल्यासारखं ऊन. सगळ्या सभागृहाने एकदम श्वास घेतला. मागून एकजण म्हणाला, "बाप रे, केवढं पानी!" आणि कुणी हसलं नाही.

तळ्याकाठी एक मोठं हॉटेल होतं. तिथे एक मुलगी चादरींना इस्त्री करायची आणि इस्त्री करताना गायची. हॉटेलातल्या हिशेबनिसाशी तिचं लग्न ठरलेलं. एक पाहुणा तिचं गाणं ऐकतो आणि म्हणतो, तळ्यापलीकडच्या शहरात ये, तुला गाणं शिकायची सोय करतो. बाकी सगळी गंमत होती. कपडे बदललेले नोकर, हरवलेला कुत्रा, एकाच्या खोलीत दुसरा. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती मी वहिनीला हळूच सांगत होते. मध्ये एक श्रीमंत बाई फेसाच्या टबात बसून आंघोळ करते आणि उठताना बूच काढून टाकते. पाणी गुडगुड करत निघून गेलं, तशी आमच्या रांगेतली एक बाई कळवळली.

"अगं बाई, सोडून दिलं की! झाडाला तरी घालायचं!"

त्यावर मात्र सगळे हसले, सरसुद्धा.

वहिनी हसली नाही. ती त्या मुलीकडे बघत होती. मुलगी रात्रभर विचार करते, सकाळी बॅग भरते आणि लाकडी धक्क्यावर येऊन उभी राहते. बोट लागलेली असते. हिशेबनीस मागून धावत येतो. मुलगी एकदा बोटीकडे बघते, एकदा मागे. आणि तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

त्या दिवशी टँकर यायचा नव्हता. मी वार बघूनच खेळ ठेवला होता. पण तो एक दिवस आधीच आला. अर्धं सभागृह एकदम उठलं. खुर्च्या पडल्या. ज्या बाया शेजारीशेजारी बसून हळहळत होत्या, त्या आता एकमेकींना कोपराने सारून दाराकडे निघाल्या. वहिनी उठली, पण उलटी चालायला लागली, तोंड पडद्याकडे.

"वहिनी, चला!"

"जरा थांब गं माय. बघू दे."

"घागर शेवटाला जाईल!"

ती आली. आम्ही धावत गल्लीत पोचलो, आपापल्या घागरीमागे उभ्या राहिलो, पाणी भरलं. ओल्या पदराने तोंड पुसत वहिनीने विचारलं, "गेली असंल का गं ती?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी चौकशी केली. शेवटपर्यंत बसले होते ते सगळे क्वार्टरवाले, ज्यांच्या घरी नळ होते. डॉक्टरांच्या बाई म्हणाल्या, लग्न झालं शेवटी, छान झालं. कुणाशी झालं ते त्यांना आठवेना. इंजिनिअर साहेब झोपले होते, तरी म्हणाले, बोट बुडाली बहुतेक. मी सरांकडे गेले.

"शेवट महत्त्वाचा नाही," सर म्हणाले. "यंत्रणा महत्त्वाची आहे. ते तळंसुद्धा खरं असेल असं समजू नका. अशा चित्रपटांत स्टुडिओत हौद बांधून पाणी भरायचे."

हे मी घरी येऊन सांगितलं. वहिनी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"हौदात? येवढं पाणी? लढाई चालू असताना?" मग थोड्या वेळाने, "धक्का तर खरा असंल ना? ती उभी व्हती त्याच्यावर."

महिना संपत आला होता. दादा रोज यादीचं सांगत होता. वहिनीने त्याला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. मला दिसत होतं की ती त्या धक्क्यावरच उभी आहे. पिक्चर बघून कुणी नोकरीचा निर्णय घेत नाही, हे मलाही कळत होतं. पण तिला तो शेवट पाहिजे होता, आणि मिळवून देणं माझ्या हातात होतं.

आमचा खेळ झाला की तेच डबे नांदेडच्या मंडळाकडे जायचे. पोचवायचं काम कॉलेजच्या शिपायाचं. मी त्याला म्हटलं, या वेळी मी जाते. त्याने आनंदाने डबे माझ्या स्वाधीन केले. नांदेडचा खेळ विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होता, रविवारी दुपारी. संध्याकाळच्या गाडीने परत येता येत होतं. आता राहिला दादा.

"दोघी? कामून?" तो म्हणाला.

"डबे जड आहेत. आणि येताना गोदावरीचं पाणी आणतो."

पाणी म्हटल्यावर दादा वळला. त्या दिवसांत लातूरचं कुणीही नांदेडला निघालं की रिकामे कॅन घेऊनच निघायचं. लग्नाला जाणारे न्यायचे, दवाखान्याला जाणारे न्यायचे. दादाने स्वतः दोन कॅन खळबळून दिले आणि शेजारणीने दारात येऊन तिचाही एक आमच्या गळ्यात घातला.

गाडीत रिळांचे डबे आम्ही सीटखाली सरकवले आणि कॅन मांडीवर घेतले. कंडक्टर तिकीट फाडता फाडता वाकला.

"ह्यात काय हाय?"

"पिक्चर," मी म्हटलं.

"अख्खा?"

"अख्खा."

"कोणाचा हाय? हाणामारीचा?"

"जर्मनीचा. एक मुलगी चादरींना इस्त्री करते."

त्याने माझ्याकडे जरा दयेने बघितलं. "आणि त्या कॅनांत?"

"काही नाही. येताना पाणी."

"म्हणजे जाताना पिक्चर, येताना पाणी," तो मोठ्याने म्हणाला. सगळी गाडी हसली. मागच्या सीटवरून एक म्हातारा म्हणाला, "आरं, सौदा वाईट न्हाई. पिक्चर देऊन पाणी मिळत असंल तर माझ्या गावाला बी दोन पिक्चर पाठवून द्या माय."

अहमदपूर सोडल्यावर दोन्ही बाजूंना नुसती काळी, भेगाळलेली रानं होती. वहिनी खिडकीतून बघत होती. तिने मला तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली. देगलूरला त्यांचं किराणा दुकान होतं. निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षी ते तरुण होते. रझाकारांची धास्ती होती, खेड्यांतून वाईट बातम्या यायच्या, अंधार पडायच्या आत लोक दारं लावून घ्यायचे. पण गावाबाहेर पिक्चरचा तंबू होता आणि तो त्या वर्षी जितका भरला तितका कधीच भरला नाही.

"बाबा रोज जायचे," ती म्हणाली. "शेजारी कोण बसलंय, कुणी कुणाशी बोलायचं न्हाई. राजा-राणीचा खेळ. तलवारी, गाणी. बाबा म्हणायचे, तेवढा वेळ छातीत धडधड व्हायची न्हाई. आता सर म्हणतात ते खरंच असंल. पण भ्यालेलं माणूस पिक्चरला जाऊन बसलं, तर त्याचं काय चुकलं? तू सांग."

 मी विचारलं, "तुम्हाला कसली भीती वाटते?"

"इस्लापूरला गेले न्हाई तर पुढं काय, त्याची," ती म्हणाली. "आणि गेले तर काय, त्याची बी."

विष्णुपुरीला कॉलेज नवं होतं, भिंतींना अजून चुन्याचा वास. खाली नदीवर बंधाऱ्याचं काम चालू होतं आणि गोदावरीत, उन्हाळा तोंडावर असताना, पाणी होतं. फार नव्हतं, पण होतं. व्हरांड्यात नळ होता. वहिनीने सोडला तर धार आली. तिने तोंड धुतलं, हात कोपरापर्यंत धुतले, मग नुसताच हात धारेखाली धरून उभी राहिली. एकदम भान आल्यासारखं तिने नळ बंद केला आणि इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही.

खेळ चित्रकलेच्या मोठ्या हॉलमध्ये होता. सगळी मुलं. कॅन बाहेर ठेवायची आमची छाती झाली नाही, ते आम्ही पायांत घेऊन बसलो.

"रॉकेल मिळतंय का रे इथं?" मागून एकाने विचारलं.

वहिनी वळून म्हणाली, "मिळतंय. नंबर लाव बाळा, कार्ड आणलंस का?" त्यानंतर मुलं गप्प बसली.

तळं आलं. इथे कुणी श्वास घेतला नाही. त्यांना पाणी रोज दिसत होतं. टबातलं बूच निघालं तेव्हा मुलं दुसऱ्याच कारणाने ओरडली. आम्ही दोघी मात्र सगळं तसंच बघत होतो जसं लातुरात बघितलं होतं. मला ते तळं हौदातलं आहे हे माहीत होतं, आणि तरी मला तिथे जायचं होतं. एवढी ओढ मला त्याआधी कुठल्याच खऱ्या गावाची वाटली नव्हती. त्या हॉटेलात चादरींची रास घेऊन उभं राहायचं, खिडकी उघडायची आणि समोर पाणी. आजही डोळे मिटून आवडती जागा आठव म्हटलं तर मला तीच आठवते, आणि ती कुठेच नाही.

मुलगी धक्क्यावर आली. वहिनीने माझं मनगट धरलं. बोटीचा भोंगा वाजला. हिशेबनीस धापा टाकत आला आणि काहीच बोलला नाही, फक्त तिच्या हातातली बॅग घेतली. मुलीने बोटीकडे बघितलं. बोट निघाली. मग ती वळली आणि हॉटेलाकडे चालू लागली. पुढच्या चित्रात ती पुन्हा इस्त्रीच्या टेबलाशी होती. सगळ्या नोकराण्या गात होत्या, ती गात होती, आणि हसत होती. अगदी जवळून तिचा चेहरा दाखवला. पांढरेशुभ्र दात. संपलं.

मुलं खुर्च्या ओढत निघून गेली. आम्ही डबे त्यांच्या मंडळाच्या मुलाकडे दिले, त्याची सही घेतली आणि नळावर कॅन भरायला बसलो. वहिनीने पहिला कॅन धारेखाली धरला.

"राहिली," मग ती म्हणाली.

"राहिली."

"राहू दे. माणूस ऱ्हातंय. कुणी मायबापासाठी ऱ्हातंय, कुणी भिऊन ऱ्हातंय." तिने भरलेल्या कॅनचं झाकण आवळलं. "पण हसून कामून? अं? त्या बिचारीला हसायला कुणी लावलं?"

तिने सरांसारखं भाषण केलं नाही. एवढंच म्हणाली आणि दुसरा कॅन नळाखाली लावला. पण त्या एका वाक्यात सरांचं सगळं आलं होतं.

नांदेड स्टँडवर लातूरच्या गाडीला वेळ होता. मी कॅन राखत बसले. वहिनी चौकशीच्या खिडकीशी गेली. परत आली तेव्हा मी विचारलं, काय विचारलंत.

"इस्लापूरला सकाळची पहिली गाडी कधी हाय, ते."

"आणि?"

"हाय एक."

परतीला कॅन जड होते आणि गाडीत कुणी चेष्टा केली नाही. पाणी घेऊन बसलेल्या बाईची कुणी चेष्टा करत नाही. एका बाईने आपल्या लेकरासाठी तांब्याभर मागितलं, वहिनीने दिलं.

घरी पोचलो. दादा दारातच उभा होता. त्याने कॅन उतरवून घेतले. वहिनीने एक माठात ओतला, फुलपात्र भरून दादाच्या हातात दिलं.

"गोदावरीचं हाय," ती म्हणाली. "प्या. आणि ऐका. परवा मी रुजू व्हायला जाऊन राहिले."

दादाने पाणी प्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे त्याला लगेच बोलता आलं नाही. त्याने सगळं फुलपात्र संपवलं, जमिनीवर ठेवलं. 

"लातूरची यादी..." तो म्हणाला.

"लागली की बदली मागते."

दादा माठाकडे बघत राहिला. "तिकडं धबधबा हाय म्हणं," शेवटी तो म्हणाला. "सहस्रकुंड. मी कधी बघितला न्हाई."

दादा सोडायला स्वतः गेला. मी घरी राहिले, कचेरी होती. पुढचं सगळं वर्ष घागरींच्या ओळीत मी एकटीच बसले. नियम तोच होता, घागर नंबर धरायची. शेजारणी बोलायच्या, मीही बोलायचे, पण टँकर लवकर यावा असं मला आता वाटायचं, आणि आधी ते कधी वाटलं नव्हतं. वहिनीचं कार्ड यायचं. धबधबा म्हणजे नुसता काळा खडक आहे, थेंब नाही, तुझ्या दादाला सांग, फसलात. शाळेत मुलं कमी, डास जास्त. मग पाऊस झाला आणि कार्ड आलं की आता आवाज ऐकून घे, सांगता येत नाही, तू ये. मी गेले. आम्ही दोघी कठड्याला धरून उभ्या होतो, तोंडावर तुषार येत होते, आणि आवाजामुळे एक शब्द ऐकू येत नव्हता. मला तिला खूप सांगायचं होतं. तिथे ते सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि खाली उतरल्यावर राहून गेलं.

लातूरची यादी लागायला बरीच वर्षं लागली. ती परत आली तोवर माझं लग्न झालं होतं, दोन गल्ल्या पलीकडे. मी नोकरी तिथेच केली, संसार तिथेच केला. मी राहिले. हसून राहिले की कसं, ते मी कधी तपासून बघितलं नाही, कामं होती. चित्रपट मंडळ व्हिडिओ आल्यावर बंद पडलं. खुर्च्या कॉलेजने परत नेल्या, काळे कागद कुणी नेले नाहीत, ते मी घरी आणून फडताळांत अंथरले. सर नागपूरकडे कुठेतरी गेले असं ऐकलं.

मग अलीकडे लातूरला रेल्वेने पाणी आलं, तो उन्हाळा. पुन्हा गल्लीत टाक्या, पुन्हा ओळी, फक्त घागरींच्या जागी निळी पिंपं. त्या दिवसांत मला ते तळं सारखं आठवायला लागलं. मोबाइलवर शोधता शोधता एका संध्याकाळी ते सापडलं. नाव आठवत नव्हतं, पण पहिलंच चित्र आलं आणि मी ओळखलं. खाली अक्षरं नव्हती. ती लागणारही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन वहिनीकडे गेले. ती निवृत्त झाली आहे, गुडघे धरतात, दादाला ऐकू कमी येतं. तिला काही न सांगता फोन तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला.

"अय्यो," ती म्हणाली.

आम्ही पलंगावर शेजारीशेजारी बसून बघितलं. इस्त्री, कुत्रा, टब. बूच निघालं तेव्हा दोघी एकदम म्हणालो, "झाडाला तरी घालायचं!" दादाने पेपरातून वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. तळं इतक्या लहान काचेतसुद्धा भरलेलं होतं. वहिनीचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, आणि मला वाटलं, हे संपू नये, दिवाबत्तीची वेळ टळली तरी चालेल.

मुलगी बॅग घेऊन धक्क्यावर आली. बोट लागली. हिशेबनीस लांबून धावत येताना दिसायला लागला.

वहिनीने काचेवर आपला तळवा ठेवला.

"ऊठ," ती म्हणाली. "टँकर आला."

आणि खरंच गुडघे धरून उठली, चहा ठेवायला.